हौदातला आकडा

माझा आकडा आणि भाऊजींचा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा अख्ख्या संस्थेत तोंड पाडून बसलेली मी एकटीच होते. का, ते मला सांगता येत नव्हतं. जुळला नसता तर मी रडले असते हे खरं, पण जुळल्यावरही चैन पडेना. नवरा म्हणाला, तुला सुख दुखतं. असेलही.

आम्ही काय करतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. आमच्याकडे एक प्रचंड पोलादी भांडं आहे, आतून पोकळ, चाकाच्या ट्यूबसारखं गोल वळलेलं. त्यात वायू भरून तो इतका तापवायचा की त्याचे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा निघावी. असल्या तापलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. तो भिंतीला टेकला की विझतो, म्हणून चुंबकांनी त्याला अधांतरी धरून ठेवावं लागतं. मग ज्याला हात लावायची सोय नाही त्याला तापवायचं कसं? रेडिओच्या लहरींनी. भांड्याच्या भिंतीला एक खिडकी असते, तिच्यात प्लाझ्माच्या अगदी तोंडासमोर अँटेना बसवतात. तांब्याच्या चार रुंद पट्ट्या आणि त्यांच्यापुढे गजांची जाळी. मागून जाड केबलमधून शक्ती येते, पट्ट्यांमधून लहरी निघतात, प्लाझ्मा त्या पितो आणि तापतो.

सगळ्या मात्र पीत नाही. नाकारलेल्या लहरी आल्या वाटेने परत येतात. त्या फार झाल्या की पट्ट्यांवर ठिणगी पडते, धातू वितळतो आणि त्याचे कण भांडंभर उडतात. तेव्हा अँटेना आत घालण्याआधी प्लाझ्मा त्याच्याकडून किती घेईल हे कोणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगते. संगणकावर अँटेना उभा करायचा, समोर प्लाझ्मा मांडायचा आणि शेवटी एक आकडा काढायचा. त्याला आम्ही भार म्हणतो. भार भरपूर असला की अँटेना सुखात, कमी पडला की ठिणगी.

संगणकावर काय, कोणीही काहीही मांडावं. म्हणून पडताळ्याला हौद. प्लाझ्मा काही वर्कशॉपमध्ये बादलीने मिळत नाही, त्याच्या जागी मिठाचं पाणी वापरतात. अँटेनाची हुबेहूब प्रत करायची, ती हौदाच्या तोंडाशी उभी करायची, मध्ये प्लास्टिकचा पडदा ठेवायचा आणि पाणी किती घेतं ते मोजायचं. हौदाचंही गणित मी वेगळं करून ठेवते. हौदात माझा आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळला, तर माझं प्लाझ्माचं गणितही खरं धरायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. आणि मोजण्याचं काम भाऊजींचं.

भाऊजी म्हणजे माझा सख्खा दीर. तो इथे लागला तेव्हा मी वशिला लावला असं लोक म्हणाले. प्रत्यक्षात मी विरोध केला होता. घरात फिरलेलं डोकं एक पुरे. पण तो लागला, आणि चांगला निघाला. सासूबाई आणि भाऊजी खालच्या मजल्यावर, आम्ही दोघं वर, आणि स्वयंपाकघर एकच. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. जेवताना तो आमच्या दोघांच्या मधे बसतो, कारण तसं नसलं तर आम्ही ताटातल्या चमच्यांनी आकृत्या मांडायला लागतो.

अँटेना बनवला होता मास्तरांनी. ते कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. पण आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांनी केव्हा ना केव्हा कान पिळून काहीतरी शिकवलं होतं, म्हणून मास्तर. रेखाटनं त्यांची, सांधे त्यांचे, आणि पट्ट्यांच्या कडाही त्यांनी स्वतःच्या हाताने घासून गोल केल्या होत्या. कड धारदार राहिली की तिथेच ठिणगी पडते. निवृत्तीला आता थोडे महिने उरले होते. भांडं दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं आणि लवकरच बंद व्हायचं होतं. एकदा बंद झालं की पुढची काही वर्षं उघडणार नव्हतं. त्यामुळे अँटेना आता आत गेला तरच मास्तरांना तो चालताना दिसणार होता. त्या खिडकीवर प्लाझ्माची चित्रं काढणारे कॅमेरेवालेही टपून बसले होते. आम्ही कच खाल्ली तर ते लगेच आपली नळकांडी घुसवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा वेळी हौदाचा आकडा आला साडेचार, आणि माझाही साडेचार. दोन्ही वक्ररेषा एकावर एक ठेवल्या तर खालची दिसत नव्हती. संचालकबाईंनी मान डोलावली. मास्तरांनी आपल्या डब्यातल्या निम्म्या पोळ्या आम्हा दोघांना वाटून टाकल्या, आणि ते डब्याच्या बाबतीत किती चिक्कू आहेत हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल. मी पोळी खाल्ली आणि जागेवर येऊन संगणकाच्या पडद्यावरच्या त्या दोन रेषांकडे बघत बसले. इतकं कधी जुळतं का? जुळतं तेव्हा थोडं तरी चुकत नाही का? मग मलाच माझा राग यायचा. जुळावं म्हणून वर्षभर रक्त आटवायचं, आणि जुळलं की नाक मुरडायचं.

बैठक ठरली. त्यात अँटेना आत घालायचा की नाही याचा शेवटचा निर्णय व्हायचा होता. संचालकबाईंचा नेहमीचा नियम असा की आपल्या हिशेबातली प्रत्येक किंमत कुठून आणली हे ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं. मी यादी करायला बसले. तांब्याचे गुण पुस्तकातून घेतले होते, पाण्यातलं मीठ वजन करून टाकलं होतं. पट्ट्यांची मापं मास्तरांची. पडदा आणि पट्ट्या यांच्यातलं अंतर... इथे मी थांबले. प्लास्टिकचा पडदा काही भिंतीसारखा सरळ उभा राहत नाही. कुठे फुगतो, कुठे सुरकुततो. त्यामुळे पाणी पट्ट्यांपासून नेमकं किती दूर आहे हे हौद भरल्यावर कोणालाच दिसत नाही. ते अंतर मी अंदाजाने धरलं होतं. आणि अंदाज कशावरून केला होता, तर भाऊजींच्या मोजणीवरून. त्यात मला वावगं वाटलं नव्हतं. जे दिसत नाही ते मोजणीवरून ठरवायचं, सगळेच तसं करतात.

भाऊजींच्या बाजूलाही असंच एक न दिसणारं होतं. हौदापर्यंत जाणारी केबल स्वतःही थोडी शक्ती खाते. तिचा वाटा वजा केल्याशिवाय पाण्याचा वाटा कळत नाही. ती केबल जुनी होती, वळणावळणाने नेलेली, आणि तिचा एक सांधा कायमचा बंद केलेला. एकटीला मोजायची सोय नव्हती. सकाळी चहा घेताना मी सहज विचारलं.

"भाऊजी, केबल किती खाते हे तुम्ही कसं ठरवलंत?"

"तुमच्यावरून," तो पावाला लोणी लावत म्हणाला. "तुमचा आकडा पाच येत होता ना? म्हणजे मी केबलच्या नावावर जरा जास्तच वजा करतोय, हे उघड होतं. कमी केलं."

मी कप खाली ठेवला. "माझा पाच आला कारण तुम्ही तीन म्हणाला होतात. त्याआधी माझा सहा होता."

त्याने सुरी खाली ठेवली. मग आम्ही दोघांनी उलट्या पावली सगळं आठवायला सुरुवात केली. कुठल्या जेवणाला कोण काय बोललं, जिन्यात काय, गाडीत काय. माझं पहिलं उत्तर सहा. त्याची पहिली मोजणी तीन. तीन ऐकून मी अंतर थोडं वाढवलं आणि पाचावर आले. पाच ऐकून त्याने केबलला थोडं कमी खायला लावलं आणि तो चारावर आला. चार ऐकून मी हिशेबातला पडदा पुन्हा मागे सरकवला आणि साडेचारावर आले, आणि ते ऐकून तोही तिथेच आला. दोघांनीही प्रत्येक वेळी अगदी थोडंसंच केलं होतं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याचं खरं मानून. भाजीबाजारात होते तशी घासाघीस झाली होती आणि सहा आणि तीनच्या बरोबर मधोमध सौदा पटला होता. साडेचार.

भाऊजी हसायला लागला. मलाही हसू आलं, मग ते थांबेना. सासूबाई आतून आल्या आणि विचारलं की तुम्ही भांडताय का हसताय. मी म्हटलं, आई, तेच कळत नाहीये. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, त्यातला उंदीर कोण आणि मांजर कोण एवढंच ठरायचं बाकी होतं.

हसू ओसरल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. आम्ही खोटं बोललो होतो का? नाही. चूक केली होती का? कोणती, ते बोट ठेवून दाखवता येईना. साडेचार हा आकडा चुकीचा होता का? तेही म्हणता येईना. पडदा खरंच तेवढा मागे असेल, केबल खरंच तेवढीच खात असेल. किंवा नसेल. खरा भार सहा असला तर मजाच आहे. तीन असला तर अँटेना पहिल्याच दिवशी ठिणग्या टाकेल आणि भांडं घाण करेल, आणि ते धुवायला कोणी आत जाऊ शकणार नाही. आमच्याकडे दोन साक्षीदार आहेत असं आम्ही वर्षभर समजत होतो. होता अर्धा, किंवा एकही नव्हता. नक्की किती होते याचाच मला उलगडा होईना. डोक्याचा पार भुगा झाला.

पुन्हा मोजावं, तर प्रत सुटी करून फळ्यांवर लावून ठेवली होती, हौद रिकामा झाला होता आणि त्या हॉलमध्ये दुसऱ्यांचं सामान येऊन पडलं होतं. सगळं परत उभं करायला महिने लागले असते. भांडं तोवर थांबणार नव्हतं.

संस्थेत गाडी लावल्यावर भाऊजी म्हणाला, आकडा तसा वाजवी आहे. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, न बोलता राहिलं तर पाप नाही. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मास्तरांचं काय. चहाच्या आधी मला काही माहीतच नव्हतं. पण चहानंतर मात्र मीही फक्त तेच घोकत होते. माझं मन तळ्यात-मळ्यात करत होतं आणि मला त्याचा संताप येत होता. निर्णय घेणारी बाई अशी मी घरात प्रसिद्ध आहे. पडदे कुठल्या रंगाचे हे मी दुकानाच्या दारातच ठरवते.

बैठकीत सगळ्यांसमोर मास्तरांच्या डोक्यावर हे ओतायचं नाही, एवढं तरी मला कळत होतं. मी वर्कशॉपमध्ये गेले. अँटेना धुऊन, ओल जावी म्हणून भट्टीत भाजून, स्वच्छ खोलीत काचेपलीकडे तयार ठेवला होता. मास्तर काचेच्या अलीकडे स्टुलावर बसले होते. हातमोजे घातलेले होते, पण काम काहीच नव्हतं. मला बघून म्हणाले, बघ, नवरदेवासारखा बसलाय. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पडदा, केबल, तीन आणि सहा. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर एक एक करून हातमोजे काढले.

"म्हणजे साडेचार चूक आहे?"

"माहीत नाही, मास्तर."

"मग बरोबर आहे?"

"तेही माहीत नाही."

"पोरी," ते म्हणाले, "मग तुला माहीत काय आहे?"

मला रडू आलं. इतक्या वर्षांत कामाच्या ठिकाणी मी रडले नव्हते, आणि तेही अशा प्रश्नाला. मी म्हटलं, एवढंच माहीत आहे की मला माहीत नाही. ते काचेतून आत बघत राहिले. मग म्हणाले की हेच बैठकीत सांग, शब्द बदलू नकोस, आणि नाक पूस. रागावले होते का, दुखावले होते, की नुसतेच दमले होते, मला ओळखता आलं नाही. एरवी मास्तरांचं तोंड वर्तमानपत्रासारखं वाचता येतं.

बैठकीत मी सांगितलं. भाऊजीही उभा राहिला आणि त्याने आपली बाजू सांगितली. त्याबद्दल मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या कानाचे लाल शेंडे बघून वाईटही वाटलं. खोलीत कुजबुज झाली. कॅमेरेवाले एकमेकांकडे बघायचं टाळत होते, म्हणजे मनात त्यांच्या मांडे भाजून झाले होते. संचालकबाईंनी मला विचारलं की अँटेना आत जावा की नाही हे एका शब्दात सांगा. मी म्हटलं, एका शब्दात सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, मग दोन शब्दांत. मी म्हटलं, माहीत नाही. हे उत्तर नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांचं चुकलं नव्हतं. कमी शक्तीवर चालवून बघू, असं एकजण म्हणाला. त्यावर दुसरा म्हणाला की नुसता बसवून ठेवायचा तर खिडकी कशाला अडवायची. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि सगळे काठावर बसून पाणी किती खोल याची चर्चा करत होते.

शेवटी बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. तुमचं काम आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. मला तेव्हाच वाटलं की हे ओझं त्यांच्यावर टाकायला नको होतं. मास्तर उभे राहिले नाहीत. टेबलावर हात ठेवून ते म्हणाले, "नको घालायला." मग जरा थांबून, "ठिणगी पडली तेव्हा मी इथे असलो तर मला झोप लागणार नाही, आणि निवृत्त झालेलो असलो तर या दोघांना." एवढंच. खिडकी कॅमेऱ्यांना गेली.

भांडं बंद झालं त्या दिवशी मी रजा घेतली. नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसले आणि गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचताना बघत राहिले. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक काचेला "आता बरं दिसतंय, नाही, आधीचं बरं होतं" म्हणत होते, आणि मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

बाईंनी हौदाची चाचणी पुन्हा करायला सांगितलं. यावेळी नियम कडक. मी आणि भाऊजी यांनी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. दोघांनी आपापला आकडा थेट बाईंकडे द्यायचा. केबल नवी, सरळ, आणि आधी एकटी मोजून घेतलेली. पडद्याच्या मागे ताठ जाळी आणि अंतर तिसऱ्याच माणसाने मोजलेलं. प्रत पुन्हा जोडून द्यायला मास्तर रोज येत होते. निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत ते सांधे आवळत होते. मोजणी सुरू व्हायच्या आत त्यांची मुदत संपली. निरोपाच्या दिवशी ते आम्हाला म्हणाले, तोंडं बंद ठेवा, आणि गेले.

घरी हा नियम पाळण्याची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःहून घेतली. त्यांना अँटेना म्हणजे छपरावरची काठी एवढंच ठाऊक, पण शिस्तीच्या बाबतीत त्या कोणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. भाऊजी जेवताना "आज पाणी" एवढं म्हणाला की त्या डावाने पातेल्यावर टक्कन मारायच्या. त्याला खरं तर प्यायला पाणी हवं असायचं. आम्ही हवेवर बोललो, नवऱ्याच्या गिऱ्हाइकांवर बोललो, बोलायला काही उरलं नाही तेव्हा भाऊजींच्या लग्नावर बोललो. त्यावर तो म्हणाला की यापेक्षा मला आकडा सांगून टाकू द्या. मी त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघायची आणि मग स्वतःलाच दटावून ताटात बघायची. चेहरा वाचणं हेही बोलणंच की. आपला दीर आनंदात आहे की काळजीत, हे मुद्दाम न बघणं किती कठीण असतं, याची मला कल्पना नव्हती.

आणि या सगळ्यात मला काय हवं होतं, ते सांगते. मला आकडा चुकायला हवा होता. खरा भार तीनच्या खाली निघावा, साडेचार हा शुद्ध भ्रम ठरावा, म्हणजे मी बोलले ते बरं झालं असं कोणीतरी मला म्हणेल, आणि मास्तरांना जाऊन सांगता येईल की तुम्ही भांडं वाचवलंत. गणित करणारी बाई आपलं गणित चुकावं म्हणून रोज सकाळी जीव मुठीत धरून कामाला जात होती. असलं उफराटं काही असतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

बाईंनी आम्हाला दोघांना एकदम आत बोलावलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. भाऊजींचा आकडा साडेचारला किंचित कमी. माझा साडेचारला किंचित जास्त. रेषा आता एकावर एक नव्हत्या, दोन्हींच्या मधे दिसेल न दिसेल अशी फट होती. अगदी खऱ्या मोजणीत असावी तशी.

बाई म्हणाल्या, अभिनंदन. मी विचारलं, हे कसं शक्य आहे? बाई म्हणाल्या, तुमचे दोघांचे अंदाज चांगले होते, त्यात नवल काय? त्यांच्या दृष्टीने खरंच नवल नव्हतं. पण आम्ही तर स्वतंत्र अंदाज केलेच नव्हते, आम्ही नुसते एकमेकांकडे सरकत गेलो होतो! मग सरकत सरकत खऱ्यावर कसे पोचलो? पडद्याबद्दल माझं मन आतून बरोबर सांगत होतं का, की दैवाने थट्टा केली? आजही कोणी विचारलं तर मी सांगू शकत नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, म्हणजे आता पुढच्या वेळी अँटेना आत जाईल ना. बाईंनी चष्मा काढला. कॅमेऱ्यांनी फार चांगली चित्रं दिली होती. ती खिडकी आता कायमची त्यांचीच. पुढच्या भांड्याचा अँटेना वेगळ्या घडणीचा असेल. हा वस्तुभांडारात राहील.

मास्तरांना कोण सांगणार, यावर आम्ही जिन्यात भांडलो. शेवटी मीच गेले. भाऊजी येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली टेकवलेल्या. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात कानस होती. खिडकीच्या कडीची खाच मोठी करत होते. बायको बाजारात गेली होती. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले, कानस मांडीवर ठेवून. मी पाणी पिऊन घेतलं, नवऱ्याची खुशाली सांगितली, सासूबाईंची सांगितली. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मी म्हटलं, साडेचारच आला.

त्यांनी विचारलं, दोघांचा? मी म्हटलं, दोघांचा. न बोलता? मी म्हटलं, एक अक्षर न बोलता. ते मान हलवत राहिले, बराच वेळ, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, बरं झालं, त्यांना आनंद झाला. असा बनवलाय की पाण्याने मागितलं तेवढं दिलं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग मान हलायची थांबली.

"म्हणजे चालला असता," ते म्हणाले.

"हो, मास्तर."

"पहिल्या दिवसापासून."

"हो."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला माफी मागायची होती, पण कशाची ते ठरेना. मी बोलले त्याची मागावी, तर पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा बोलेन. गप्प बसले असते तर मागायची वेळच आली नसती, आणि अँटेना आज आत लहरी सोडत असता, आणि हे गृहस्थ रोज संध्याकाळी फोन करून विचारत असते की आज कसा होता. मी बरोबर वागले होते आणि त्याचं फळ माझ्यासमोर पलंगाच्या कडेवर बसलं होतं.

"तुला एक सांगू?" मास्तर म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "मी रोज म्हणायचो, चुकीचा निघू दे. माझंच काम, आणि मी म्हणायचो, तो वाईट निघू दे."

"मीसुद्धा," मी म्हटलं.

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. आम्ही दोघं तसेच बसून होतो तेव्हा त्यांची बायको पिशव्या घेऊन आत आली, आणि आमची तोंडं बघून तिने पहिलं हेच विचारलं, "काय झालं? आकडा चुकला का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बरोबर आला." आणि रडायला लागले.